अठरा पूर्ण होण्याआधीची दोन वर्षे, नंतरची तीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात केस वर्कर म्हणून नव्याने रुजू झालेल्या ताईंकडे चार मुलगे आहेत. चौघेही येत्या १ जूनला अठरा पूर्ण करतील. एक आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक बारावीला. तिसरा दहावीत दोनदा नापास झाला आणि आता स्वयंपाकघरात मदत करतो. चौथ्याला बाहेर पडल्यावर सगळ्यात आधी आईला शोधायचे आहे. हातात नऊ महिने आहेत. काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि बाहेर गेल्यावर गाडी कुठे अडते, हे त्यांनी विचारले आहे.

त्या १ जूनपासूनच सुरुवात करू. चौघांची जन्मतारीख एक असणे हा योगायोग नाही. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना अंदाजाने वय धरून १ जून टाकायची आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यामुळे संस्थेतून चार-पाच मुले एकाच दिवशी मुक्त होतात, तीही पावसाच्या तोंडावर. बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, आयटीआयची परीक्षा व्हायची असते, प्रवेशाचे अर्ज सुरू झालेले असतात आणि खिशात कमाई नसते. म्हणून पहिले काम हे की चौघांचा मिळून एक प्रस्ताव करू नका. चार मुले, चार आराखडे. कागदावर अठरा एकाच दिवशी पूर्ण होतील, पण कोण कुठे, केव्हा जाईल हे प्रत्येकाचे वेगळे ठरले पाहिजे.

आता कायदा, गरजेपुरता. बाल न्याय अधिनियम २०१५ मधले कलम ४६ अनुरक्षणाबद्दल, म्हणजे आपण आफ्टरकेअर म्हणतो त्याबद्दल, बोलते. ही मदत १८ ते २१ वयासाठी आहे आणि नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत वाढवता येते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत आणि ते थेट मुलाच्या बँक खात्यात जायला हवेत. पण कलमाची भाषा नीट वाचा. मदत ‘देता येईल’ असे म्हटले आहे, ‘दिली पाहिजे’ असे नाही. त्यामुळे कोणी आपणहून फाइल उघडून तुमच्या मुलाचे नाव शोधणार नाही. प्रस्ताव तुम्हीच करायचा, मुलांबाबतचे आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे तुम्हीच ठेवायचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात त्याचा पाठपुरावाही तुम्हीच करायचा.

नियम सांगतात की मुलगा संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी बाहेर पडल्यानंतरचा आराखडा समितीला सादर करावा. ही मुदत कागदासाठी आहे. माणूस तयार व्हायला दोन महिने पुरत नाहीत. सोळा पूर्ण झाले की वैयक्तिक काळजी आराखड्यात ‘स्वावलंबन’ या रकान्याखाली ‘समुपदेशन केले’ एवढेच न लिहिता खरी कामे लिहायला लागावे. तुमच्याकडे नऊ महिने आहेत. तेही चालतील, पण एकही वाया घालवता येणार नाही.

एक गोष्ट मनात पक्की धरून पुढे वाचा. घरातल्या मुलाची पहिली नोकरी सुटते, खोलीवर भांडण होते, पगार बुडतो, तेव्हा तो घरी येतो. आई चार शब्द बोलते, पण ताट वाढते. आपल्या मुलांकडे कौशल्य नसते म्हणून ती कोसळतात असे फारसे होत नाही. पहिल्या फसण्यानंतर परत यायला जागा नसते, म्हणून ती कोसळतात. तेव्हा खोली, नोकरी, कोर्स काहीही ठरवताना एकच विचारा: हे फसले, तर हा मुलगा त्या रात्री कुठे झोपेल? उत्तर नसेल, तर व्यवस्था अजून झालेली नाही.

कागदपत्रांपासून सुरू करा, कारण त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. चौघांचे शाळेचे रेकॉर्ड, आधार, समितीचे आदेश आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एका कागदावर संस्थेने लावलेले आडनाव, दुसऱ्यावर वडिलांचे नाव मधे, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग निराळे, हे नेहमीचे आहे. दुरुस्ती शाळेच्या नोंदीपासून करायची, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे राहते. दहावीत नापास झालेल्या मुलाचा परीक्षेचा अर्ज पुन्हा भरणार असाल, तर त्याआधीच ही नोंद तपासा. शाळा सोडल्यानंतर ती बदलणे फार जिकिरीचे होते. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने अर्धवट दुरुस्ती करून ती संधी घालवू नका.

आधारच्या दोन अडचणी संस्थांमध्ये हमखास आढळतात. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन नव्याने द्यायचे असतात, ते राहून गेलेले असते. मग सिम कार्ड घेताना, बँकेत, भाडेकरार नोंदवताना ठसा जुळत नाही आणि मुलाला वाटते आपल्यातच काहीतरी खोट आहे. दुसरी अडचण जास्त त्रासाची. आधारला जोडलेला मोबाइल नंबर अधीक्षकांचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो. ओटीपी तिकडे जातो. त्यामुळे अठरा पूर्ण झाल्याच्या पहिल्या आठवड्यातला क्रम असा ठेवा: मुलाच्या स्वतःच्या नावावर सिम, मग आधार केंद्रावर तो नंबर जोडणे, मग बँक, मग पॅन. हा क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवर दोनदा जावे लागते.

बँक खाते अज्ञान (अल्पवयीन) खातेदाराचे आणि अधीक्षकांच्या सहीने चालणारे असेल, तर अठरानंतर नवे केवायसी, नवा फोटो आणि मुलाची स्वतःची सही द्यावी लागते. तोपर्यंत पैसे अडकतात. दोन वर्षे व्यवहार झाला नसेल, तर खाते निष्क्रिय झालेले असते, म्हणून आजच पासबुक भरून घ्या. चौघांची दुसरी खाती शिष्यवृत्तीच्या वेळी उघडली गेली होती का, तेही पाहा. आधारवर आधारित सरकारी रक्कम ज्या खात्याला आधार शेवटचे जोडले, तिथे जाते. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा तक्रारींत कित्येकदा पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या खात्यात. कोविडमध्ये आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने ५ लाखांची मुदत ठेव ठेवली होती आणि पीएम केअर्समधून वेगळी रक्कम आहे. तसे कोणी असेल, तर ठेवीच्या पावतीची प्रत त्याच्या फायलीत असलीच पाहिजे.

अनाथ प्रमाणपत्राबद्दल बराच गैरसमज आहे. स्वतः अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी दिलेल्या लढ्यानंतर २०१८ मध्ये राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षण आले. २०२१ आणि २०२३ मध्ये त्याचे निकष बदलले. पण बालगृहात वाढलेला प्रत्येक मुलगा या व्याख्येत बसत नाही. ज्याची आई किंवा वडील हयात असल्याची नोंद फायलीत आहे, त्याला साधारणपणे हा दाखला मिळत नाही. म्हणून तुमच्या चौथ्या मुलाला खोटी आशा लावू नका आणि त्याच्या फायलीतली आईची नोंद ‘सोयीसाठी’ गाळूही नका. जे पात्र आहेत त्यांचा प्रस्ताव संस्थेकडून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत विभागीय उपायुक्तांकडे जातो. आपल्या विभागासाठी ते कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. हे मुलगा संस्थेत असतानाच करा. बाहेर गेल्यावर, संस्था बंद पडल्यावर किंवा कपाट बदलल्यावर जुने आदेश सापडत नाहीत. बारावीच्या मुलाकडे हा दाखला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कातही २०२४-२५ पासून सवलत आहे. ती प्रवेशाच्या वेळीच मागावी लागते.

सगळी मूळ कागदपत्रे मुलाच्या हातात द्यायची, पोच घ्यायची आणि एक संच संस्थेत ठेवायचा. डिजिलॉकर त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच हाताने उघडून घ्या. समितीच्या आदेशांच्या प्रमाणित प्रती, रक्तगट, झालेले आजार आणि शस्त्रक्रिया, लसी, चष्म्याचा नंबर, हे एका वहीत. आणि लहानपणचे फोटो. संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या अल्बममध्ये, देणगीदारांच्या अहवालात त्याचे फोटो असतात, पण त्याच्याकडे स्वतःचा सहा वर्षांचा असतानाचा एकही नसतो. दहा फोटो छापायला फार पैसे लागत नाहीत. हे काम यादीत शेवटी टाकले की होतच नाही, म्हणून या महिन्यातच करून टाका.

आता पैसा. सगळे पगाराचा आकडा विचारतात. पगार हातात यायला किती दिवस लागतील, हे विचारायचे राहून जाते. मुलगा १ तारखेला कामावर लागला, तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो. म्हणजे चाळीस दिवस. अनुरक्षणाची रक्कम मंजूर होऊन पहिला हप्ता यायलाही वेळ लागतो. निदान तीन महिने ती येणार नाही असे धरूनच चाला. समजा तिघांनी मिळून ७,५०० रुपये भाड्याची खोली घेतली आणि डिपॉझिट ३०,००० आहे. एकाच्या वाट्याला डिपॉझिटचे १०,०००, दोन महिन्यांच्या भाड्याचे ५,०००, चाळीस दिवसांच्या डब्याचे ४,०००, गादी-भांडी-शेगडीचे ४,०००, बूट आणि दोन जोड कपड्यांचे १,०००, लोकलचा पास, बस आणि रिचार्ज मिळून ९००. बेरीज २४,९००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा मांडा. पण प्रत्येक मुलामागे साधारण पंचवीस हजार रुपये १ जूनच्या आधी उभे असले पाहिजेत, हे पक्के धरा. विद्यावेतन, शिष्यवृत्तीतली शिल्लक, देणगीदार, जिथून जमेल तिथून. देणगीदाराला मिठाई आणि कपड्यांऐवजी डिपॉझिट द्यायला सांगा. खोली सोडताना ते परत आले, की पुढच्या मुलाला वापरता येते.

हा खड्डा भरला नाही तर काय होते? मुलगा ठेकेदाराकडून उचल घेतो. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, आणि ठेकेदाराला ते ठाऊक असते. नाहीतर मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून तीन हजार घेतो आणि पुढचे सहा महिने धमक्यांचे फोन घेत राहतो.

खोलीसाठी आपल्या भागात गावठाणे बरी पडतात. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, ठाण्याच्या बाजूला कळवा, पुढे दिवा. सेक्टरमधल्या सोसायट्यांमध्ये एकट्या मुलांना खोली द्यायला खळखळ करतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि नोंदणी केलेलाच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवत नाही. हे मालकाला शांतपणे सांगितले की बरेचदा तो तयार होतो. नोंदणीकृत करार पुढे आधारवरचा पत्ता बदलायलाही उपयोगी पडतो. पण पत्ता लगेच बदलू नका. पहिली खोली टिकतेय का, हे सहा महिने बघा.

मालक विचारतो, ‘घरी कोण आहे?’ या प्रश्नाची तयारी आधी झाली नसेल, तर मुलगा गप्प होतो किंवा काहीतरी खोटे सांगतो आणि ते पुढे अंगाशी येते. लोक ‘बालगृह’ ऐकतात आणि त्यांना ‘बालसुधारगृह’ ऐकू येते. आपण कुठे वाढलो हे सांगायचे की नाही, किती सांगायचे, हा निर्णय मुलाचा आहे आणि तो त्यालाच घेऊ द्या. तुम्ही सोबत जा आणि ओळखीचे माणूस म्हणून बोला. संस्थेच्या पत्रात ‘आमच्या संस्थेतील प्रवेशित’ असे लिहू नका. ‘हा विद्यार्थी आमच्याकडे अकरा वर्षे राहून शिकला, आम्ही त्याला चांगले ओळखतो, गरज पडल्यास या क्रमांकावर संपर्क करावा’ एवढे पुरते.

नियमांत सहा ते आठ जणांच्या गटनिवासाची कल्पना आहे. शासकीय अनुरक्षणगृहात जागा असेल, तर बारावीच्या मुलासाठी ती जरूर मागा. स्वतंत्र खोलीत मात्र तिघे पुरे. चौघांना एकाच खोलीत आणि एकाच ठेकेदाराकडे कामाला ठेवायचा मोह होतो. सोपे वाटते, मुले पण तेच मागतात. तसे करू नका. एकाचे मुकादमाशी वाजले की चौघे काम सोडतात, आणि पुढच्या महिन्यात खोलीही जाते. खोली एक असेल तर नोकऱ्या वेगळ्या हव्यात. संस्थेतले दोन आणि बाहेरचा, शक्यतो वयाने दोन-तीन वर्षे मोठा असा एक, ही जुळणी चांगली.

स्वयंपाकाबद्दल. तुमचा तिसरा मुलगा स्वयंपाकघरात आहे म्हणजे त्याला जेवण करता येते असे वाटेल. त्याला चाळीस पानांचे करता येते. आठ किलो तांदूळ, टोपभर आमटी, मोठी शेगडी. एकट्यापुरता भात लावायला सांगा, तो बावरेल. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, छोटा कुकर, दोन शिट्ट्या. मूठभर डाळ वेगळ्या डब्यात त्याच कुकरात. हे दर रविवारी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, आणि त्याआधी शनिवारी ३०० रुपये घेऊन स्वतः किराणा आणायचा. पावती नंतर सोबत बसून वाचायची. ज्याने आयुष्यात कांदे विकत घेतलेले नाहीत, त्याला पगार किती पुरेल याचा अंदाज कसा येणार? पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. खोलीवर पहिल्यांदा तोच घ्या.

याच नऊ महिन्यांत घंटा काढून टाका. संस्थेत घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, घंटेवर दिवे बंद. बाहेर पहिल्या आठवड्यात कामावर उशीर होतो, त्यामागे आळस नसतो. आजवर कधी स्वतःहून उठायची वेळच आलेली नसते. या चौघांना गजराचे घड्याळ द्या आणि काळजीवाहकांना सांगा, यांना कोणी उठवायचे नाही. शाळेची बस चुकली तर चुकू दे. आत्ता चुकलेली बस स्वस्त पडते. झोपेचेही तसेच. तीस कॉटच्या हॉलमध्ये झोपलेल्या मुलाला खोलीत एकटे झोपता येत नाही, शांततेने जाग येते. रात्रभर मोबाइल बघणे तिथून सुरू होते. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत त्यांना दोघांच्या छोट्या खोलीत हलवता आले, तर हलवा.

नोकरी कुठे आहे हे शोधणे आपल्या पट्ट्यात त्या मानाने सोपे. रबाळे, महापे, तुर्भे, पावणे इथली एमआयडीसी, वागळे इस्टेट, भिवंडीची गोदामे, वाशीचा बाजार. काम टिकवणे अवघड. आयटीआयच्या मुलाला थेट ठेकेदाराकडे पाठवू नका, शिकाऊ उमेदवारीसाठी (अप्रेंटिसशिप) आधी नोंदणी करा. एक वर्षाची कंपनीतली उमेदवारी पुढच्या दहा वर्षांना उपयोगी पडते. पहिले काम खोलीपासून एका गाडीच्या अंतरावर हवे. ठाणे–वाशी मार्गावर राहायचे आणि काम भिवंडीला, असे केले की दीड महिन्यात दमछाक होते.

काम पक्के करताना ठेकेदाराला पाच गोष्टी विचारा: पगार कोणत्या तारखेला, थेट खात्यात का, साप्ताहिक सुट्टी कोणती, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) कापणार का, आणि मूळ कागदपत्रे ठेवून घेणार का. शेवटच्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिथून उठा. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू असते आणि मुलाच्या पगारातून त्यासाठी फक्त पाऊण टक्का जातो. ज्याच्यामागे आजारपणात कोणी नाही, त्याच्यासाठी ही कपात फार मोलाची आहे. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, एकच असतो, दुसऱ्या नोकरीत नवा काढू द्यायचा नाही. आणि फॉर्मवरचा ‘नॉमिनी’ हा रकाना. इथे मुलगा पेन खाली ठेवतो. त्याला सांगा, कुटुंब नसलेल्या माणसाला पीएफमध्ये कोणालाही, अगदी मित्रालाही, वारस नेमता येते. लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन रद्द होते आणि नवे करावे लागते. कोणाचे नाव घालायचे यावर घरी बसून विचार करू दे. कंपनीच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना, हा विचार त्याच्यावर येऊन पडायला नको.

मुले काम सोडतात त्यामागे जड काम हे कारण क्वचितच असते. त्यांना रजा मागता येत नाही. संस्थेत प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते, त्यामुळे परवानगी मागणे म्हणजे नकार ऐकणे, हे अंगात मुरलेले असते. ताप आला की मुलगा न सांगता घरी राहतो, दुसऱ्या दिवशी शिव्या खायच्या भीतीने जात नाही, आणि तिसऱ्या दिवशी नोकरी गेलेली असते. म्हणून वाक्य पाठ करून घ्या, मोबाइल कानाला लावून, मोठ्याने: ‘सर, मला ताप आहे, आज येता येणार नाही, उद्या येतो.’ कामाची पाळी सुरू होण्याच्या एक तास आधी. दहा वेळा म्हणून घ्या. हसतील, हसू द्या. पुन्हा म्हणायला लावा.

दोन सापळ्यांबद्दल वेळीच बोला. एक, ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.’ अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराकडे येतात. घरचे कोणी नसलेली मुले यासाठी मुद्दाम हेरली जातात. असे झालेच, तर घाबरून सिम फेकून न देता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवायचे आणि तुम्हाला फोन करायचा. दोन, त्याच्या नावावर दुसऱ्याने घेतलेली सिम. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते, तीन महिन्यांनी एकदा सोबत बसून बघा. कायद्याची अडचण आली, तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दूरध्वनी १५१००. १०९८ ही बाल हेल्पलाइन अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे, आणि हे मुलांना ठाऊक नसते. ती अडचणीत तोच नंबर लावतात. मन फार खचले असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, आणि कळव्याच्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात केस पेपर कसा काढायचा, हे एकदा प्रत्यक्ष नेऊन दाखवा.

आईला शोधू पाहणाऱ्या मुलाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती भरून येत नाही. त्याला ‘आधी स्वतःच्या पायावर उभा राहा, मग बघू’ असे सांगू नका. तो १ जूनला रात्रीच्या गाडीत बसेल, एकटा. शोध आत्ताच सुरू करा, संस्थेमार्फत. त्याची फाइल काढा, पहिला प्रवेशाचा आदेश वाचा, त्यातला पत्ता, गाव, पोलीस ठाणे, भाषा टिपा. समितीच्या परवानगीने त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला गृहभेटीचे पत्र पाठवा. फायलीत जे आहे ते त्याला सांगा, हळूहळू, पण खरे. आईने स्वतः आणून सोडले अशी नोंद असेल, तर ती त्याला एखाद्या कर्मचाऱ्याच्या तोंडून उडत उडत कळण्यापेक्षा तुमच्याकडून, शेजारी बसून कळलेली बरी. मग तीन शक्यता त्याच्याशी बोलून ठेवा. आई सापडणार नाही. सापडेल, पण तिचा नवा संसार असेल आणि ती ओळख देणार नाही. किंवा सापडेल, कवटाळेल, आणि महिन्याभरात घरातले कोणीतरी त्याचा पगार मागू लागेल. तिसरी शक्यता तो ऐकूनच घेणार नाही, तरी सांगा. पहिली भेट तुमच्या किंवा तिथल्या कार्यकर्त्याच्या सोबतीने, दिवसा, परतीचे तिकीट काढूनच. ठाण्यातली खोली आणि काम तोपर्यंत सोडायचे नाही. भेट कशीही होवो, त्या आठवड्यात त्याला रोज फोन.

बाहेर गेल्यावर पाठपुरावा किती? पहिला आठवडा रोज फोन. तिसऱ्या दिवशी खोलीवर जाऊन या, मग दहाव्या दिवशी, मग पहिला पगार झाला त्या संध्याकाळी. त्या संध्याकाळी पैसे उडतात, मित्र गोळा होतात. सोबत बसून भाडे आणि डब्याचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेले त्याने हवे तसे खर्चू दे. तिसऱ्या महिन्यात उतार येतो: नवलाई संपलेली असते, संस्थेची आठवण येते आणि तसे सांगायची लाज वाटते. तेव्हा भेट चुकवू नका. नंतर महिन्यातून एकदा, वर्षभर. मग २१ पर्यंत तीन महिन्यांनी. तो फोन उचलत नसेल, तर रागावून सोडून देऊ नका. उचलत नाही म्हणजे बहुतेक नोकरी गेलेली असते. ‘का उचलला नाहीस’ असे न विचारता ‘रविवारी जेवायला ये’ एवढाच मेसेज टाका.

दिवाळी आतापासून लिहून ठेवा. खोलीतला बाहेरचा जोडीदार गावी जातो, मेस चार दिवस बंद असते, कंपनीला सुट्टी, गावठाणात सगळीकडे दिवे, आणि हा खोलीत एकटा. पहिल्या वर्षी सगळ्यात अवघड दिवस हेच. संस्थेत झोपायला परवानगी मिळत नसेल, तर फराळाला आणि जेवायला बोलवा. कोणा कर्मचाऱ्याच्या किंवा माजी विद्यार्थ्याच्या घरी राहायची सोय आधीच करून ठेवा. अडीअडचणीला सात-आठ रात्री अंग टाकायला जागा, हे समितीकडून किंवा व्यवस्थापनाकडून लेखी मंजूर करून घेतलेले असेल, तर ‘त्या रात्री कुठे झोपेल?’ या वरच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या हातात आले.

तर या आठवड्यात तुम्ही करायचे ते हे. सोमवारी चौघांच्या फायली आणि नावांची जुळवणी. आयटीआयच्या मुलासाठी उमेदवारीची नोंदणी, बारावीच्या मुलासाठी अनुरक्षणाचा प्रस्ताव. परीक्षा आणि प्रवेश होईपर्यंत त्याचा मुक्काम हलू नये, हे त्यात स्पष्ट लिहा. तिसऱ्या मुलाला पुन्हा दहावीला बसायला जबरदस्ती करू नका. त्याचा हात स्वयंपाकात बसला आहे, हॉटेल किंवा कॅन्टीनच्या कामाची चौकशी करा, आणि एकट्याचा भात शिकवा. चौथ्याची फाइल घेऊन त्याच्याशी एक तास बसा. आणि संस्थेच्या नावावर एक साधा मोबाइल व सिम घ्यायला व्यवस्थापनाला सांगा. तुमची नेमणूक कंत्राटी आहे, उद्या तुमची बदली होईल किंवा तुम्ही दुसरी नोकरी धराल, पण मुलांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर जो नंबर लिहिलेला असेल, तो पाच वर्षांनी रात्री अकरा वाजता लावला तरी या बालगृहातलाच कोणीतरी उचलेल, असा हवा.